यंत्रनिर्मित कला आणि भावनेची अस्सलता : एक ऐतिहासिक चिकित्सा

सारांश

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निर्माण होणारी कविता, चित्रे व गीते मानवी कलेतील भावनिक अस्सलतेची बरोबरी करू शकतील काय, हा प्रश्न आज साहित्य, कला, कायदा व शिक्षण या सर्व क्षेत्रांत विचारला जात आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ऐतिहासिक दृष्टीने केला आहे. ‘अस्सलता’ या एकाच शब्दाखाली भावनेचा उगम, भावनेचा परिणाम आणि भावनेची साक्ष असे तीन वेगळे अर्थ नांदत आले आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळे चर्चा एकाच जागी घोटाळत राहते, असे येथे प्रतिपादन केले आहे. त्यासाठी भारतीय रसचर्चा, छायाचित्रण व ध्वनिमुद्रणाचा इतिहास, संगणकीय निर्मितीचे १९५२ पासूनचे प्रयोग आणि मराठी साहित्यातील दोन प्रकरणे यांचा आधार घेतला आहे.

बीजशब्द : कृत्रिम बुद्धिमत्ता, अस्सलता, आत्मनिष्ठा, रस, नाममुद्रा, साक्ष.

१. प्रास्ताविक

२०२२ च्या नोव्हेंबर महिन्यात ‘चॅटजीपीटी’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली झाली. पुढील जानेवारीत ऑस्ट्रेलियन गीतकार व गायक निक केव्ह यांना एका चाहत्याने, त्यांच्याच शैलीत या प्रणालीकडून लिहून घेतलेले गीत पाठविले. केव्ह यांचे उत्तर तीव्र होते. गीत दुःखातून जन्मते आणि माहितीच्या साठ्याला दुःख होत नाही, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’ या नियतकालिकात ब्रायन पोर्टर व एदुआर मशेरी यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दहा नामवंत इंग्रजी कवींच्या कविता आणि त्यांच्याच शैलीत यंत्राने रचलेल्या कविता सर्वसाधारण वाचकांपुढे ठेवल्या होत्या. कोणती कविता कोणाची, हे ओळखण्यात वाचकांना केवळ ४६.६ टक्के यश मिळाले. हे यश निव्वळ नाणेफेकीपेक्षाही कमी होते. इतकेच नव्हे, तर यंत्राच्या कविता त्यांना सरासरीने अधिक भावल्या.

ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात. केव्ह यांचे म्हणणे खरे मानावे तर वाचकांना फरक जाणवावयास हवा होता; आणि प्रयोग निर्णायक मानावा तर केव्ह यांचा संताप ही केवळ व्यवसायिकाची भीती ठरते. परंतु थोडा विचार केल्यास असे दिसते की, ही दोन विधाने एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत. केव्ह भावनेच्या उगमाविषयी बोलत आहेत, तर प्रयोग भावनेच्या परिणामाविषयी सांगतो. या दोहोंतील अंतर केव्हा व कसे पडले, आणि या दोहोंच्या पलीकडे अस्सलतेचा आणखी एखादा अर्थ संभवतो काय, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट होय.

२. ‘अस्सलता’ : एका निकषाची घडण

कलावंताला स्वतःला भावना जाणवली पाहिजे, हा निकष आज आपल्याला स्वयंसिद्ध वाटतो. प्रत्यक्षात तो फार जुना नाही. युरोपात त्याला प्रतिष्ठा मिळाली ती स्वच्छंदतावादाच्या काळात. वर्डस्वर्थने १८०० साली ‘लिरिकल बॅलड्‌स’च्या दुसऱ्या आवृत्तीस जोडलेल्या प्रस्तावनेत कवितेचे मूळ कवीच्या उत्कट भावनांत शोधले. टॉलस्टॉयने १८९८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘कला म्हणजे काय?’ या ग्रंथात हाच विचार टोकाला नेला. कलावंताने स्वतः अनुभवलेली भावना रसिकाला संसर्गासारखी लागणे म्हणजे कला, आणि या संसर्गाची मुख्य अट म्हणजे कलावंताची प्रामाणिकता, अशी त्याची मांडणी होती.

तथापि, याच परंपरेत विरोधी स्वरही होता. दिदेरोने अठराव्या शतकात लिहिलेला आणि १८३० साली प्रसिद्ध झालेला नटाविषयीचा संवाद सांगतो, की श्रेष्ठ नट रंगभूमीवर स्वतः विव्हळ होत नाही. तो थंड डोक्याने विव्हळतेची चिन्हे उभी करतो. टी. एस. एलियटने १९१९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात कवितेला व्यक्तिमत्त्वाच्या प्रकटीकरणापासून दूर नेले. लायोनेल ट्रिलिंगने १९७२ साली दाखवून दिले, की ‘प्रामाणिकता’ आणि ‘अस्सलता’ या संकल्पनांनाच इतिहास आहे. त्या विशिष्ट सामाजिक परिस्थितीत उदयास आल्या.

मराठीतही हा ताण दिसतो. बा. सी. मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ या १९४१ च्या पुस्तकात लेखकाच्या आत्मनिष्ठेला मध्यवर्ती स्थान दिले. परंतु ‘सौंदर्य आणि साहित्य’ या पुढील लेखसंग्रहात त्यांचा भर कलाकृतीच्या अंतर्गत लयीवर व भावनात्मक समतानतेवर आहे. पहिला निकष लेखकाकडे पाहतो, दुसरा कलाकृतीकडे. रा. भा. पाटणकरांनी १९७४ च्या ‘सौंदर्यमीमांसे’त कलाविचारातील लौकिकतावादी व अलौकिकतावादी अशा दोन ओढींची चिकित्सा केली; या चर्चेतही त्या दोन्ही ओढी आपल्याला भेटतात. तेव्हा ‘यंत्राला भावना नाही, म्हणून त्याची कला खोटी’ हे विधान करताना आपण अनेक निकषांपैकी एका निकषाची बाजू घेत असतो, याचे भान ठेवले पाहिजे.

३. रसचर्चेतील ‘कृत्रिम’

या संदर्भात भारतीय रसचर्चेकडे वळणे उद्बोधक ठरते. कारण तेथे ‘कृत्रिम’ हा शब्द थेट चर्चेच्या केंद्रस्थानी आलेला आहे. भरताने विभाव, अनुभाव व व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती सांगितली. परंतु रस नेमका कोठे असतो, याविषयी भाष्यकारांत मतभेद झाले. भट्ट लोल्लटाच्या मते तो मुख्यतः मूळ पात्रात, म्हणजे रामादिकांत, असतो. श्रीशंकुकाने हे नाकारले. नटाने उभे केलेले विभावादी कृत्रिम असतात, पण प्रेक्षकाला ते कृत्रिम वाटत नाहीत. त्यांवरून तो स्थायी भावाचे अनुमान करतो. चित्रातील घोड्याकडे पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. हे ज्ञान खरे, खोटे, संशयात्मक वा सादृश्यात्मक यांपैकी कोणत्याही प्रकारात बसत नाही. शंकुकाचा हा चित्रतुरगन्याय आजच्या यंत्रनिर्मित चित्रालाही लावता येतो. भावनेची चिन्हे बिनचूक असली तर भावनेचे अनुमान होते. त्या चिन्हांमागे भावना असलीच पाहिजे असे नाही.

तथापि, रसचर्चा येथे थांबली नाही. भट्टनायकाने साधारणीकरणाचा विचार मांडला आणि अभिनवगुप्ताने शंकुकाच्या अनुकरणवादाचे खंडन केले. क्रौंचवधाच्या प्रसंगाविषयी अभिनवगुप्ताने केलेले विवेचन आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. वाल्मीकीचा शोक श्लोक झाला, असे परंपरा सांगते. पण तो शोक मुनीचा वैयक्तिक शोक समजू नये, असे अभिनवगुप्त बजावतो. मुनी स्वतःच दुःखाने व्याकूळ झाला असता तर काव्य संभवलेच नसते. पक्ष्याच्या शोकाशी त्याच्या हृदयाचा संवाद झाला, तो शोक आस्वाद्य झाला आणि मग छंदोबद्ध वाणीतून बाहेर पडला. म्हणजेच कवी हा प्रथम रसिक असतो.

या भूमिकेतून दोन निष्कर्ष निघतात. एक, काव्यासाठी कवीने स्वतः तेच दुःख भोगलेले असले पाहिजे, ही अट भारतीय परंपरेने घातलेली नाही. केव्ह यांचा युक्तिवाद येथे अपुरा पडतो. दुसरा, कोणीतरी प्रथम आस्वाद घेतला पाहिजे, ही अट मात्र तिने सोडलेली नाही. हृदयसंवाद होण्यासाठी हृदय हवे. यंत्र चिन्हांची जुळणी करते. ती जुळणी करण्यापूर्वी वा करताना ते काही आस्वादते, असे मानावयास आज कोणताही आधार नाही.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. १२ मार्च १९११ रोजी ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच सुमारास बालगंधर्वांच्या लहान मुलीचे निधन झाले होते. तरीही त्यांनी प्रयोग पार पाडला. त्या रात्री रंगभूमीवर दिसलेली भामिनीची शृंगारभावना नटाच्या मनातील भावना खचितच नव्हती. दिदेरो म्हणेल, हीच कलेची रीत. पण हा प्रसंग शंभरहून अधिक वर्षे का सांगितला जातो? त्या मुखवट्यामागे एक बाप होता, हे आपल्याला ठाऊक आहे म्हणून. लपविण्यासाठी जवळ काही असावे लागते. परिणामाच्या दृष्टीने नट व यंत्र यांत साम्य असेलही. किमतीच्या दृष्टीने नाही.

४. यंत्राचा पूर्वेतिहास : छायाचित्र, मुद्राचित्र, ध्वनिमुद्रिका

यंत्राने कलेचा आत्मा हिरावून घेतला, ही तक्रार कृत्रिम बुद्धिमत्तेपासून सुरू झालेली नाही. १८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची पद्धती जाहीर झाली. वीस वर्षांनी, १८५९ च्या कलाप्रदर्शनावरील लेखनात, बोदलेअरने छायाचित्रणाला अयशस्वी चित्रकारांचा आश्रय ठरवून त्याने विज्ञान व कला यांची सेविका म्हणूनच राहावे, असे बजावले. मुंबईत मात्र १८५४ सालीच छायाचित्रण मंडळ स्थापन झाले होते आणि डॉ. नारायण दाजींसारखे भारतीय त्यात रस घेत होते. पुढे छायाचित्रण ही स्वतंत्र कला म्हणून मान्य झाली. कारण छायाचित्रकार कोठे उभा राहतो, काय निवडतो व कोणत्या क्षणी कळ दाबतो, यांत त्याची दृष्टी असते हे लोकांना पटले.

१८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळामुद्रण छापखाना सुरू केला. तो पुढे लोणावळ्याजवळील मळवलीस गेला. तेथे छापलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघरी पोहोचली व देव्हाऱ्यात बसली. ती मूळ तैलचित्रे नव्हती, शिळांवरून निघालेल्या हजारो प्रतींपैकी एक होती. तरीही त्यांच्यापुढे हात जोडणाऱ्या स्त्रीची भक्ती खोटी नव्हती. वॉल्टर बेंजामिनने १९३५-३६ मध्ये लिहिलेल्या निबंधात यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीभोवतीचे तेजोवलय ओसरते, असे म्हटले. भारतीय देव्हाऱ्याचा अनुभव या विधानाला मर्यादा घालतो. प्रतीला पावित्र्य दिले ते पाहणाऱ्याने.

१९०२ साली फ्रेडरिक गैसबर्ग याने कलकत्त्यात भारतातील पहिल्या ध्वनिमुद्रणांची मालिका सुरू केली. तासभर खुलणारा राग सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीत बसवावा लागला. गौहरजान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत असे. जर्मनीत तबकड्या तयार करणाऱ्या तंत्रज्ञांना गाणे कोणाचे हे कळावे, असा त्यामागील व्यावहारिक हेतू सांगितला जातो. यंत्रातून बाहेर पडणारा आवाज कोणाचा, हे सांगण्याची गरज यंत्राच्या पहिल्याच दिवसापासून होती. या मुद्द्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. यंत्राने कलेचा प्रसार, रूप व कालमर्यादा बदलली. परंतु यंत्राच्या अलीकडे एक चित्रकार, एक गायिका, एक पाहणारा डोळा होताच. म्हणून ‘छायाचित्रणालाही लोक असेच नावे ठेवीत होते’ हा आज वारंवार केला जाणारा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. भीती जुनी आहे; परिस्थिती मात्र नवी आहे.

५. संगणकाची प्रेमपत्रे आणि सुनीताची मौखिक परीक्षा

परिस्थितीतील हे नवेपण सर्वप्रथम एडा लव्हलेस हिने ओळखले. चार्ल्स बॅबेजच्या नियोजित गणनयंत्रावरील १८४३ च्या टिपणांत तिने दोन गोष्टी नोंदविल्या. स्वरांचे परस्परसंबंध नियमबद्ध करता आले तर हे यंत्र संगीतरचनाही करू शकेल. परंतु स्वतःहून काही नवे निर्माण करण्याचा त्याचा दावा नाही. आजचे दोन्ही पक्ष या दोन वाक्यांत बीजरूपाने आहेत.

शंभर वर्षांनी मँचेस्टर येथे हा वाद प्रत्यक्षात उभा राहिला. मेंदूशल्यविशारद जेफ्री जेफरसन यांनी १९४९ च्या आपल्या व्याख्यानात अशी अट घातली, की स्वतः अनुभवलेल्या विचार-भावनांतून यंत्राने सुनीत लिहिल्याशिवाय त्याला मेंदूच्या बरोबरीचे मानता येणार नाही. ॲलन ट्युरिंग यांनी त्यावर वृत्तपत्रात मिस्किल उत्तर दिले, की यंत्राच्या सुनीताचा आस्वाद दुसरे यंत्र अधिक चांगला घेईल. १९५० च्या ‘माइंड’ नियतकालिकातील निबंधात मात्र त्यांनी गंभीर उत्तर दिले. दुसऱ्याच्या मनात खरोखर भावना आहे की नाही, हे आपण कोणाच्याही बाबतीत थेट जाणू शकत नाही. केवळ वर्तनावरून ठरवितो. मग यंत्रासाठी वेगळा न्याय का? त्यासाठी त्यांनी मौखिक परीक्षेचा दाखला दिला. विद्यार्थ्याला विषय समजला आहे की त्याने घोकंपट्टी केली आहे, हे आपण प्रश्न विचारून ठरवितो. सुनीत लिहिणाऱ्या यंत्रालाही एकेका शब्दाविषयी प्रश्न विचारावेत. आज यंत्र अशी परीक्षा बऱ्याच अंशी उत्तीर्ण होते, ही वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही.

१९५२ साली मँचेस्टरच्याच संगणकावर क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी प्रेमपत्रे लिहिणारा कार्यक्रम चालविला. ठरावीक वाक्यसाचे, प्रेमवाचक शब्दांच्या याद्या आणि यादृच्छिक निवड, एवढाच त्याचा ऐवज होता. पत्राखाली विद्यापीठाच्या संगणकाच्या आद्याक्षरांची सही असे. ही पत्रे विनोद म्हणून वाचली गेली. पण प्रेमाच्या भाषेतील किती भाग ठरीव साच्यांनी बनलेला असतो, हेही त्यांनी उघड केले. इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर व लिओनार्ड आयझॅक्सन यांनी संगणकाकडून चार भागांची तंतुवाद्यरचना करवून घेतली. १९५७ मध्ये पूर्ण झालेल्या या रचनेच्या भागांना त्यांनी ‘प्रयोग’ असेच नाव दिले होते. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ या संवादकार्यक्रमाची माहिती प्रसिद्ध केली. वापरणाऱ्याचेच वाक्य प्रश्नरूपाने परत करणारा हा साधा कार्यक्रम होता. त्याचे स्वरूप ठाऊक असलेल्या त्यांच्या सचिव महिलेनेही, त्याच्याशी बोलताना, वायझेनबॉम यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. भावना यंत्रात नव्हती. ती बोलणाऱ्या व्यक्तीत होती आणि खरी होती.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे डेव्हिड कोप यांचा ‘एमी’ या नावाने ओळखला जाणारा संगीतरचनाकार्यक्रम. कोप स्वतः संगीतकार होते आणि १९८१ च्या सुमारास सर्जनशक्ती खुंटल्यासारखी झाल्याने ते या प्रयोगाकडे वळले. १९९७ साली ओरेगॉन विद्यापीठात बाखची एक रचना, बाखच्या शैलीतील ‘एमी’ची एक रचना आणि स्टीव्ह लार्सन या प्राध्यापकाची एक रचना अशा तीन रचना श्रोत्यांपुढे वाजविण्यात आल्या. श्रोत्यांनी ‘एमी’ची रचना बाखची ठरविली आणि लार्सनची रचना यंत्राची. २०२४ च्या कविताप्रयोगाचा निकाल अशा रीतीने सत्तावीस वर्षे आधीच लागलेला होता.

६. २०१८ नंतरची परिस्थिती

मग गेल्या दशकात नवीन काय घडले? एक म्हणजे पद्धती बदलली. स्ट्रेचींच्या कार्यक्रमात नियम माणसाने लिहिले होते. आजच्या भाषाप्रणाली प्रचंड प्रमाणावरील मानवी लेखनातून पुढचा शब्द कोणता संभवतो, हे स्वतः शिकतात. चित्रप्रणाली असंख्य मानवी चित्रांवरून शिकून यादृच्छिक ठिपक्यांतून हळूहळू आकृती काढतात. म्हणजे त्यांच्या पोटात आहे ते माणसांनी सांगितलेले दुःख, माणसांनी रेखाटलेले चेहरे. यंत्राची कविता आपल्याला हलविते, यात म्हणूनच नवल नाही. ती आपल्याच शब्दांची, आपल्याला परत मिळालेली, सरासरी असते. वाचकांना ती अधिक भावण्याचे कारणही येथेच सापडते. अभ्यासकांच्या मते, यंत्राच्या कविता अधिक सुबोध होत्या. मूळ कवींची दुर्बोधता वाचकांना यंत्राची विसंगती वाटली.

दुसरे म्हणजे बाजार व स्पर्धा यांत या निर्मितीने प्रवेश केला. २५ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्क येथे ‘एडमंड द बेलामी’ हे यंत्रनिर्मित व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरला विकले गेले. चित्रावर सहीच्या जागी गणिती सूत्र होते. २०२२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या जत्रेतील कलास्पर्धेत जेसन ॲलन यांच्या यंत्रनिर्मित चित्रास अंकीय कला विभागात पहिले पारितोषिक मिळाले. २०२३ साली जर्मन कलावंत बोरिस एल्डागसेन यांनी एका जागतिक छायाचित्रस्पर्धेतील पारितोषिक नाकारले. आपण सादर केलेली प्रतिमा छायाचित्र नसून यंत्रनिर्मित आहे, हे त्यांनी स्वतःच उघड केले. ही प्रतिमा जुन्या कौटुंबिक छायाचित्रासारखी होती. ज्या दोन स्त्रिया तीत दिसत होत्या, त्या कधी अस्तित्वातच नव्हत्या. छायाचित्रापुढे आपण हळवे होतो ते ‘हे कोणी एके काळी होते’ या जाणिवेने. येथे ती जाणीवच निराधार ठरली.

७. नाममुद्रा : तुकोबांच्या नावाने

या प्रश्नाची एक आवृत्ती मराठी साहित्याने फार पूर्वी अनुभवली आहे. संतवाङ्मयाच्या संपादनात प्रक्षिप्त अभंगांचा प्रश्न सतत येतो. ‘तुका’ ही नाममुद्रा कोणालाही वापरता येत होती. तेव्हा गाथेतील अमुक अभंग तुकोबांचाच कशावरून, हा प्रश्न संपादकांना हस्तलिखिते, भाषा व अनुभवाची जात यांच्या आधारे सोडवावा लागला.

१९३६ सालच्या ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात हा प्रश्न दोन पातळ्यांवर येतो. कथेत सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावाने खपवितो. प्रेक्षक त्याला हसतो. कारण शब्द तेच असले तरी त्यांच्यामागे तो माणूस नाही. पण त्याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी तुकोबांच्या धाटणीत एक पद रचले, आणि ते इतके एकजीव झाले की अनेकांनी ते तुकोबांचेच मानले. सालोमालो दुसऱ्याचे शब्द आपल्या नावावर घेतो. आठवल्यांचे शब्द दुसऱ्याच्या नावावर जातात. पहिली चोरी आहे, दुसरी साधना.

आठवल्यांच्या पदाने डोळे पाणावलेल्या श्रोत्याची फसवणूक झाली काय? माझ्या मते नाही. आठवले भक्तीच्या त्याच भाषेत वाढलेले कवी होते. अभिनवगुप्ताच्या परिभाषेत सांगायचे तर त्यांचा तुकोबांशी हृदयसंवाद झालेला होता. शिवाय पद कोणाचे, असे विचारले असता उत्तर देणारा एक माणूस होता. ‘एमी’चा बाख आणि आठवल्यांचा तुकाराम परिणामाच्या तराजूत सारखेच भरतील. फरक आहे तो या उत्तरदायित्वाचा.

८. साक्ष : दलित साहित्याने दिलेला निकष

हे उत्तरदायित्व म्हणजे काय, हे मराठी वाचकाला दलित साहित्याने शिकविले. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा कथासंग्रह १९६३ साली, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आणि दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या वादात ‘दलितेतर लेखक दलित साहित्य लिहू शकेल काय?’ हा प्रश्न वारंवार आला. स्वानुभूती व सहानुभूती या शब्दांत तो चर्चिला गेला. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात आनंद हा निकष या साहित्याला अपुरा आहे, अशी भूमिका घेतली.

‘बलुतं’ वाचताना आपण केवळ करुणरसाचा आस्वाद घेत नसतो. हे घडले, माझ्या बाबतीत घडले, आणि माझ्या नावानिशी मी ते सांगत आहे, असे लेखक आपल्याला सांगत असतो. हे कथन साक्षीच्या पातळीवर जाते. साक्षीदाराला उलटतपासणीस उभे राहावे लागते. समाजाचा व क्वचित स्वकीयांचाही रोष पत्करावा लागतो. यंत्राला शेकडो आत्मकथने शिकवून अगदी अशाच भाषेत, अशाच तपशिलांनी भरलेले आत्मकथन लिहवून घेणे आज अशक्य नाही. ते वाचून वाचक रडेलही. परंतु ते वाक्यागणिक खोटे असेल; कारण ‘मी’ म्हणणारा तेथे कोणी नाही. एवढेच नव्हे, तर अशा शेकडो बनावट ‘मी’च्या गर्दीत खऱ्या साक्षीवरचा विश्वासही उडेल. ज्या समाजघटकांना बोलण्याचा अधिकारच उशिरा मिळाला, त्यांचे यात सर्वाधिक नुकसान आहे. या वादातील खरा धोका माझ्या मते हा आहे.

दलितेतर लेखकाविषयीचा जुना प्रश्न व यंत्राविषयीचा नवा प्रश्न एकच आहेत असे मात्र नव्हे. दलितेतर माणसाला आपल्या दृष्टीच्या मर्यादेची जाणीव होऊ शकते, त्याला शरम वाटू शकते, तो बदलू शकतो. यंत्राच्या बाबतीत ‘सहानुभूती’ हा शब्दही रूपकानेच वापरावा लागतो.

९. कायदा आणि व्यवहार

अस्सलतेचा हा तिसरा अर्थ समाज आता कायद्याच्या भाषेत मांडू लागला आहे. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करविणारी व्यक्ती, अशी तरतूद केली. अमेरिकेत यंत्रालाच कर्ता मानावे हा स्टीफन थेलर यांचा दावा २०२३ साली जिल्हा न्यायालयाने व २०२५ साली अपील न्यायालयाने फेटाळला. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या याचिकेवर, संमतीशिवाय त्यांच्या आवाजाची यांत्रिक नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. त्याच वर्षी ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातील गीतात बंबा बाक्या व शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने पुन्हा उभे केले. कुटुंबीयांची परवानगी घेऊन मोबदला दिल्याचे त्यांनी जाहीर केले. याउलट, ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ (२०१३) या चित्रपटाची तमिळ आवृत्ती यंत्राने बदललेल्या सुखांत शेवटासह पुन्हा प्रदर्शित झाली, तेव्हा दिग्दर्शक आनंद एल. राय व अभिनेता धनुष या दोघांनीही तीव्र आक्षेप घेतला. या सर्व प्रकरणांत तंत्र एकाच जातीचे होते. वाद झाला तो संमतीवरून आणि जबाबदारीवरून.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) भावनेचा परिणाम हा निकष मानल्यास यंत्र अनेक प्रसंगी मानवी कलेची बरोबरी करते. १९९७ व २०२४ चे प्रयोग हेच सांगतात. शंकुकाच्या चित्रतुरगन्यायाने त्याची उपपत्तीही लावता येते.

२) भावनेचा उगम हा निकष मानल्यास आजच्या यंत्राला अस्सल म्हणता येत नाही. मात्र कवीचे वैयक्तिक दुःख ही अट अनाठायी आहे. अभिनवगुप्ताने सांगितलेला हृदयसंवाद ही अधिक नेमकी अट होय आणि यंत्र ती पूर्ण करते, असे दाखविता आलेले नाही.

३) भावनेची साक्ष हा निकष सर्वांत महत्त्वाचा असून त्याचा विचार सर्वांत कमी झाला आहे. कलाकृतीमागे उत्तर देणारा कोणी आहे काय, हा प्रश्न वाचकाच्या अश्रूंनी सुटत नाही.

४) छायाचित्रणादी पूर्वीच्या यंत्रांशी केलेली तुलना मर्यादित अर्थानेच ग्राह्य आहे. यंत्राला साधन म्हणून वापरून त्याच्या निर्मितीची जबाबदारी घेणारा कलावंत हा या पूर्वपरंपरेचाच वारस ठरेल; जबाबदारी न घेणारा सालोमालोचा.

अध्यापनाच्या दृष्टीनेही यातून काही सूचना मिळतात. रसग्रहणाच्या तासाला ‘ही कविता वाचून काय वाटले?’ एवढाच प्रश्न विचारून यापुढे भागणार नाही. ‘हे कोण, कोणाला, कशाच्या बळावर सांगत आहे?’ हेही विचारावे लागेल. विद्यार्थ्याने लिहून आणलेल्या निबंधाबाबत ट्युरिंग यांनी सुचविलेली मौखिक परीक्षा आजही उपयोगी आहे. तिचा हेतू मात्र त्याला पकडण्याचा नसावा. लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला ‘हे माझे’ असे म्हणून त्याच्या पाठीशी उभे राहण्याची सवय त्याला लागावी, यासाठी ती घ्यावी.